बोटाचं पोट

कार्डवाला तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मामाला हात धुऊन यायला सांगितलं.

एकसष्ट वर्षांच्या माणसाला. जेवायला बसणाऱ्या पोराला सांगतात तसं. आणि मामा गेला की मुकाट्यानं! साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि दोन्ही पंजे पुढे धरून येऊन उभा राहिला. कार्डवाल्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं आपल्याच बोटानं टॅबवर 'सुरू' दाबलं, 'पूर्ण' दाबलं, पुन्हा 'सुरू' दाबलं आणि खांदे उडवले.

"चालतोय की. मशीन ओके आहे."

मशीन ओके आहे म्हणजे माणूस बिघडलाय, हे त्याला तोंडानं म्हणायची गरज नव्हती. जावईबापू शेजारीच उभे होते, त्यांनी ते न बोललेलं व्यवस्थित ऐकलं.

आमचा कारखाना दुहेरी काचांच्या खिडक्या करतो. दोन काचा, मधे चारी बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी, कडेनं काळा डिंक भरून कायमचं बंद. बाहेरचा आवाज आत येत नाही, थंडी येत नाही, धूळ येत नाही. मामा पहिल्या टेबलावर काच कापतो आणि काचा धुऊन आल्या की जोडी बंदही तोच करतो. चौतीस वर्षं. मी शेवटच्या टेबलावर बसते. तयार जोडी दिव्यासमोर उभी करायची आणि ओरखडा, केस, डाग, काही आहे का ते बघायचं. चुका काढायच्या, एवढंच काम. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की कारखान्यानं मला फुकट नोकरीला ठेवलं असतं तरी मी गेले असते. कारखान्यातले सगळे मामाला मामाच म्हणतात, पण खरा मामा तो माझा. त्यानंच मला इथे आणलं, त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणतो. काचेचा आणि त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या केबिनला काचेचं दार आहे आणि त्यावर त्यांच्या पंजाचा ठसा कायम उमटलेला असतो. तो बघितला की मला शिसारी येते. गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की कागद बंद, प्रत्येक टेबलावर टॅब. टॅबवर माप येणार, काम हातात घेतलं की 'सुरू' दाबायचं, संपलं की 'पूर्ण'. 'पूर्ण' दाबलं की लेबल छापून बाहेर येतं, आणि लेबलाशिवाय काच पुढच्या टेबलावर सरकवायची नाही. मला वाटलं होतं मामा या भानगडीत गोते खाणार. पण नाही. वर्षभर त्यानं तो टॅब असा चालवला की जावईबापूंनी पाहुण्यांना आणून दाखवला. "आमचे सर्वांत जुने कारागीर," म्हणून. जसा काही मामा त्यांनीच घडवलाय!

मग अपडेट आलं. एका सोमवारी सकाळी सगळे टॅब अर्धा तास गोल गोल फिरत बसले आणि उघडले तेव्हा बटणांचे रंग बदललेले होते. बाकी कोणाला काही फरक पडला नाही. मामाचा टॅब मात्र ऐकेना. दहादा दाबलं तरी ढिम्म. मग तो माझ्याकडे बघायचा, मी माझं काम सोडून चाळीस पावलं चालत जायची, एकदा बोट लावायची आणि लेबल बाहेर यायचं. पुन्हा चाळीस पावलं परत. दिवसातून पंधरा वेळा. त्या दिवसांत माझ्या तोंडून मामाला जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

"तो डोळा मिचकावतो गं," मामा म्हणायचा. "मी दाबलं की एकदा पांढरा होतो आणि परत आहे तसा."

हेच त्यानं कार्डवाल्यालाही सांगितलं होतं. हा कार्डवाला म्हणजे ज्या कंपनीचे टॅब, तिचा माणूस. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला कार्ड, कार्डावर त्याचा हसरा फोटो. प्रत्यक्षात तो कधी हसलेला मी बघितला नव्हता. 'डोळा मिचकावतो' ऐकून मात्र हसला. जावईबापूही हसले, कारण कार्डवाला हसला.

पहिल्या भेटीत त्यानं टॅब बंद करून चालू केला, फडक्यानं पुसला, वरची पारदर्शक फिल्म सोलून काढली. आपल्या बोटानं दाबून बघितलं आणि गेला. दुसऱ्या भेटीत टॅब पार कोरा करून सगळं नव्यानं भरलं. चार्जरची वायर बदलली. टेबलात वीज उतरत असेल म्हणून एक लाल दिव्याचा स्क्रू ड्रायव्हर टेबलाच्या चारी पायांना लावून बघितला. रबरी टोकाची एक पेन्सिलही देऊन गेला. तिच्या रबरात दोन दिवसांत काचेचा चुरा रुतला आणि ती टॅबवर ओरखडे काढायला लागली, तेव्हा जावईबापूंनीच ती काढून घेतली. आणि तिसऱ्या भेटीत हात धुवायला लावले. वय झालं की कातडी कोरडी पडते, म्हणाला, मग स्क्रीनला बोट कळत नाही. मलम लावा. काचेच्या कारखान्यात, ज्या हातानं जोडी बंद करायची त्या हाताला मलम लावा! एवढी अक्कल कार्डाबरोबर देतात की वेगळी मागून घ्यावी लागते, कोण जाणे.

एवढ्या सगळ्यात त्यानं एक गोष्ट केली नाही. ज्याला अडचण आहे त्याला, तुम्ही एकदा दाबून दाखवा, असं म्हणाला नाही. तिन्ही वेळा मामा हात बांधून बाजूला उभा आणि हा शहाणा आपलंच बोट आपणच तपासून पास करतोय.

त्या तिसऱ्या भेटीनंतर जावईबापूंनी मामाला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मामा, तुमच्या कामाबद्दल काही म्हणणं नाही. पण सिस्टिम तुमच्याकडे येऊन अडते. सोमवारी सकाळी मी येतो, तुम्ही मला 'सुरू' आणि 'पूर्ण' करून दाखवा. जमलं तर उत्तमच. नाही तर आपण तुम्हाला पॅकिंगला घेऊ. तिकडे टॅब नाही, डोक्याला ताप नाही."

पॅकिंग म्हणजे तयार जोडीच्या चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घालायच्या आणि चिकटपट्टी मारायची. मामा केबिनमधून बाहेर आला तो सरळ आपल्या टेबलाकडे गेला आणि टेबल पुसायला लागला. मी जवळ गेले.

"पुठ्ठे घालायला येणार नाही मी," तो हळू आवाजात म्हणाला. "टेबल गेलं की मी घरी. मामीला सांगू नको एवढ्यात."

ती शुक्रवारची गोष्ट. शनिवारी दुपारी मी पुन्हा एकदा चाळीस पावलं चालत त्याच्या टॅबवर बोट लावायला गेले, तर 'पूर्ण'च्या वर एक सूचना आलेली. जागा भरली, फोटो काढून टाका. कसले फोटो? मामाच्या टॅबमध्ये फोटो कुठून आले? उघडले. आठशे बारा. सगळे एकाच पानाचे. मापांचं पान, खाली 'सुरू' आणि 'पूर्ण'. एकासारखा एक. पडद्यावर जे दिसतंय त्याचाच फोटो टॅबनं आपण होऊन काढलेला, आठशे बारा वेळा.

"मामा," मी म्हटलं, "दाब बरं माझ्यासमोर."

तीन आठवड्यांत हे वाक्य पहिल्यांदा कोणीतरी उच्चारलं. मीसुद्धा म्हटलं नव्हतं, हे कबूल करते. मामानं तर्जनी दुमडली आणि वाकलेल्या बोटाच्या सांध्यानं 'पूर्ण'वर दोनदा टकटक केली, दारावर करतात तशी. पडदा पांढरा झाला, परत आहे तसा झाला. फोटो आठशे तेरा.

इथे आमच्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. काचेला बोटाचं पोट लावायचं नाही. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती ही. उचलायची कडेनं, तळहाताच्या बाजूनं टेकवायची, आणि तडा आहे का ते ऐकायला सांध्यानं ठोकायची. दोनदा, कारण पहिल्यांदा ऐकायचं आणि दुसऱ्यांदा खात्री करायची. सांध्याचं हाड कोरडं असतं, डाग सोडत नाही. बोटाचं पोट नेहमी ओलसर, ते ठसा सोडतंच. बाहेरच्या बाजूला ठसा उमटला तर पुसता येतो. दोन काचांच्या मधे राहिला तर जन्माचा राहिला. हातमोजे घालून बघितले, पण त्यांची लव आत अडकते. म्हणून बंद करायचं काम उघड्या हातानंच. मामाच्या हातून चौतीस वर्षांत एकही ठसा आत गेलेला नाही. हे मी भाची म्हणून सांगत नाही, अठरा वर्षं दिव्यासमोर बसून त्याच्या चुका शोधणारी म्हणून सांगते.

आणि हात काही कारखान्याच्या दारात काढून ठेवता येत नाहीत. मामा घरची बेल सांध्यानं दाबतो. दिव्याचं बटण सांध्यानं. बाकीच्यांच्या खिशात स्मार्टफोन, त्यांचं बोट काचेवर वेगळं आणि फोनवर वेगळं वागायला शिकलेलं. मामाकडे बटणांचा फोन, त्याची बटणं तो नखानं दाबतो. टॅब आला तेव्हा ती त्याच्यासाठी काचच होती. काचेला जसा हात लावायचा तसा लावला. वर्षभर टॅबनंही मानलं. अपडेटमध्ये कोणा दीडशहाण्यानं ठरवलं की सांध्यानं दोनदा टकटक केली म्हणजे या माणसाला पडद्याचा फोटो हवाय.

मला आधी कळायला हवं होतं. पण ती टकटक मी इतकी वर्षं बघत आले होते की दिसायचीच बंद झाली होती. चुका शोधायचं काम करणारी मी!

मी तशीच केबिनमध्ये गेले आणि जावईबापूंना सगळं सांगितलं. ते फोटोही दाखवले. त्यांनी कार्डवाल्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"सांध्यानं?" पलीकडून आवाज आला. "सांध्यानं कोण दाबतं, मॅडम?"

"हे फोटो काढणं तुमच्याकडून बंद करता येतं की नाही ते सांगा," मी म्हटलं.

"येतं. पण सगळ्या टॅबना एकच सेटिंग असतं. एका टेबलासाठी बदलायचं तर वर मागणी पाठवावी लागेल. महिना, दीड महिना. तोवर त्यांना म्हणावं, नॉर्मल माणसासारखं दाबा."

जावईबापूंनी फोन ठेवला आणि फार मोठा विचार केल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा त्यांनी कुठल्या तरी फोटोतून उचललाय, अशी माझी खात्री आहे.

"बघा, मशीनचा दोष नाही हे सिद्ध झालं. एका माणसाच्या सवयीसाठी सगळी सिस्टिम बदलत नसतात. माणसानं बदलायचं असतं. सोमवार तर सोमवार."

तिथे भांडायला हवं होतं. मागणी पाठवा, दीड महिना मी चाळीस पावलं चालते, असं ठणकावून सांगायला हवं होतं. मालकांच्या घरी जायला हवं होतं. माझी जीभ काही लुळी पडली नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला राग मामाचाच आला. जावईबापू मूर्ख आहेत, कार्डवाला आणखी मूर्ख आहे, ते ठीक, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. पण मामानं साधं बोट सरळ करायचं, त्याचं एवढं काय? एका बोटापायी टेबल जाणार, आणि हे दोन अतिशहाणे जिंकणार? मी मनाशी म्हटलं, उद्याच्या उद्या हे बोट सरळ करून टाकते.

रविवारी सकाळी दहाला मी मामाच्या घरी हजर. टॅब पिशवीत घालून आणला होता, विचारायला कोणाला जाणार? मामीनं चहा टाकला. मी जेवणाच्या टेबलावर टॅब ठेवला आणि म्हटलं, "बोट सरळ कर. पोट लाव. दाब."

मामानं बोट सरळ केलं, खाली आणलं, आणि काचेपासून दोन केसांवर असताना ते आपोआप दुमडलं. टकटक. पांढरा. फोटो. पुन्हा. टकटक. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजवं बोट सरळ धरून ठेवलं आणि टेकवलं, पण टेकताक्षणी असं मागे घेतलं की जणू चटका बसला. टॅबला कळलंच नाही.

"अरे काय हे मामा! दोन वर्षांच्या पोरांना येतं!"

"येतं गं. पण काच आहे ना ती."

"काच नाही ती, टॅब आहे!"

"वर काचच आहे," मामा म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून मी आणखी भडकले.

अकरा वाजेपर्यंत मी हात टेकले होते. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती आणि हसू दाबत होती. "यांनी घरच्या खिडकीला कधी बोट लावलं नाही," ती म्हणाली. "मलाही लावू देत नाहीत. शेजारीण गप्पा मारताना काचेला हात टेकून उभी राहते, तर ती गेल्यावर हे मऊ फडकं घेऊन धावतात."

त्यावरून मला सुचलं. आपल्या हुशारीचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं होतं. मी मामाला उठवून आतल्या खोलीतल्या मोठ्या आरशासमोर उभं केलं.

"घाण कर," मी म्हटलं.

"काय?"

"हा आरसा घाण कर. पाची बोटं टेकव. सगळीकडे. तुझ्या हाताला लाज वाटते ना? ती मोडायचीय."

मग त्यानं एक बोट टेकवलं. उचललं. आरशावर त्याचा ठसा होता, पूर्ण, रेषांसकट. मामानं लगेच सदऱ्याची बाही ओढून पुसायला हात नेला तर मी मनगट धरलं. "पुसायचं नाही!" मग दुसरा ठसा. तिसरा. मी मागे उभी राहून मोजत होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. लाज काढतोस माझी. त्या कार्डवाल्यासमोर उद्या तोंडघशी पडायचंय का? चौतीस वर्षांचा कारागीर म्हणे, आणि एक बोट ऐकत नाही! दाब. अजून दाब. जोरात. दुपारी दोनपर्यंत आरशात मामाचा चेहरा दिसेनासा झाला. मग खिडक्या. मग कपाटाची काच. मामीचं हसू कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. ती एकदाच म्हणाली, "पुरे की गं आता." मी ऐकलं नाही.

चारच्या सुमाराला मामा बाहेर येऊन टॅबसमोर बसला आणि बोटाच्या पोटानं 'सुरू' दाबलं. लागलं. 'पूर्ण' दाबलं. लागलं. वीस वेळा केलं, वीस वेळा लागलं. मी टाळ्या वाजवल्या. मामा हसला, पण बोट सदऱ्याला पुसत राहिला.

सोमवारी जावईबापू आले, बरोबर कार्डवालाही, तमाशा बघायला. मामानं 'सुरू' दाबलं, 'पूर्ण' दाबलं, लेबल बाहेर आलं. त्यानं ते फाडून जावईबापूंच्या हातात दिलं. ते लेबलाकडे असे बघत राहिले की वाचता येत नसावं. कार्डवाल्यानं आपल्या फोनवर काहीतरी टिपलं. मी मुद्दाम मागे जाऊन वाचलं. 'वापरकर्त्याला प्रशिक्षण देऊन समस्या सोडवली.' प्रशिक्षण! यानं! पण त्या दिवशी मला तेही गोड वाटलं. टेबल मामाचं राहिलं होतं. मी जिंकले होते. संध्याकाळपर्यंत मी कारखान्यात अशी मिरवत होते की कोणीतरी विचारलंच, पगारवाढ झाली का?

दहा दिवस बरे गेले. चाळीस पावलांचा फेरा संपला. मामाच्या टेबलावरून पटापट लेबलं येत होती. जावईबापूंनी पुन्हा पाहुणे आणले.

अकराव्या दिवशी वाचनालयाची खिडकी आली. उंचीनं माझ्याहून दीडपट, एक सलग जोडी. त्या वर्षातलं सर्वांत मोठं काम. मामानं काचा स्वतः निवडल्या, स्वतः कापल्या, बंद करताना शेजारी कोणाला उभं राहू दिलं नाही. दोघांनी काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांनी धरून ती माझ्या दिव्यासमोर आणून उभी केली. मी वरून सुरुवात केली. स्वच्छ. मधे, स्वच्छ. उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, दोन डाग.

मी फडक्यानं पुसले. गेले नाहीत. मागे जाऊन दुसऱ्या बाजूनं पुसले. गेले नाहीत. मग दिवा तिरका केला. दोन ठसे. शेजारी शेजारी, एकाच बोटाचे, रेषांसकट.

कुठल्या गाढवाचं काम, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण आतल्या बाजूला हात जाईल असा माणूस कारखान्यात एकच होता. आणि दोनदा ठोकून बघणाराही तोच.

माझ्या टॅबवर दोन बटणं असतात, 'पास' आणि 'रद्द'. 'रद्द' दाबलं की तो कारण विचारतो, मग टेबल विचारतो, आणि ते सगळं तिथल्या तिथे जावईबापूंच्या पडद्यावर जातं. मी दोन्हीतलं काही दाबलं नाही. जोडीच्या पुढे उभी राहिले, ठशांवर पाठ करून, आणि फडकं घडी घालत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मामा पलीकडून येताना दिसला.

"का अडलीय गं?"

"अडली नाही. बघतेय."

मी बाजूला झाले नाही, तरी त्यानं बघितलं. टेबलावर आडव्या काचेत जे दिसत नाही ते दिव्यासमोर त्याला दहा पावलांवरून दिसतं. तो जवळ आला आणि त्याचं तोंड लाल झालं. "कोण हा नालायक? आत बोट घातलंय! कोणी हात लावला माझ्या काचेला?" आजूबाजूची यंत्रं बंद करून लोक बघायला लागले. मामा इतक्या मोठ्यानं बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

मग त्यानं उजवा हात वर घेतला आणि आपल्या बोटाकडे बघितलं. सरळ होतं.

"बंद करण्याआधी मी ठोकून बघितलं होतं," तो म्हणाला, आता अगदी हळू. "दोनदा. आवाज आला नाही. मला वाटलं, माझे कान गेले. वयानं."

माझी जीभ, जी कोणापुढे कधी थांबली नाही, ती माझ्या मदतीला आली ती अशी, "मामा, मी पास करते. कडेला आहे. वाचायला येणारे पुस्तकात बघतात, काचेत कोण बघतंय? कोणाला दिसणार नाही."

मामानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तुच्छता होती, दुसरं काही नाही. मी साऱ्या जगाकडे बघते तशी. माझ्यावर ती कधी पडली नव्हती, आणि मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"तुला दिसलं ना?" तो म्हणाला.

मग त्यानं मला हातानं बाजूला सारलं आणि माझ्या टॅबसमोर उभा राहिला. बोटाच्या पोटानं 'रद्द' दाबलं. टॅबनं कारण विचारलं. त्यानं 'आत ठसा' दाबलं. टॅबनं टेबल विचारलं. त्यानं आपलं टेबल दाबलं.

तिन्ही वेळा पहिल्याच स्पर्शात लागलं.